दाबलेल्या हवेतून पाणी का गळते?

पेण आणि आसपासच्या गावांतील गणपतीच्या कारखान्यांत पावसाळ्याचे दिवस सर्वांत धावपळीचे असतात. मूर्ती घडवून आणि सुकवून झालेल्या असतात, रंगकाम जोरात चालू असते. अंगाचा रंग, पितांबराच्या छटा, उंदराची पाठ असे बरेचसे काम आता स्प्रेगनने होते. स्प्रेगनला लागणारी दाबाची हवा कोपऱ्यातला कॉम्प्रेसर पुरवतो. काम रंगात आलेले असते आणि एकाएकी गनमधून रंगाऐवजी पाण्याची चिळकांडी उडते. शाडूच्या मूर्तीवरचा जलरंग पसरतो, तैलरंगावर फोड येतात. चतुर्थी आठ दिवसांवर आलेली असताना एक मूर्ती खरवडून पुन्हा रंगवणे म्हणजे काय, हे त्या कारागिरालाच ठाऊक.

घरामागच्या पडवीत फर्निचरला पॉलिश करणारा हौशी सुतार, मोटारसायकलची टाकी रंगवणारा तरुण किंवा शाळेच्या कार्यशाळेत यंत्रावरची धूळ हवेने झाडणारे निदेशक यांनाही हीच अडचण येते. त्यांपैकी बहुतेकांनी कॉम्प्रेसरच्या टाकीला लागून पाणी अडवणारा फिल्टर बसवलेला असतो. तरीही पाणी येतेच. मग पहिला संशय फिल्टरवर जातो आणि दुसरा, अधिक महागडा फिल्टर आणला जातो. पाणी तरीही येते.

या पाण्याचा उगम आणि त्यावरचा उपाय या दोन्ही गोष्टी समजण्यास नववी-दहावीच्या विज्ञानापलीकडचे काही लागत नाही. बाष्प, दाब आणि तापमान यांचा एकत्र विचार मात्र करावा लागतो. पुस्तकात हे तिन्ही वेगवेगळ्या पाठांत येतात. त्यांची गाठ घालून देण्यासाठी कॉम्प्रेसरइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

हवेत पाणी असते तरी किती?

एक घनमीटर जागेत, त्या जागेचे तापमान ठरलेले असेल, तर ठरावीक मर्यादेपर्यंतच बाष्प राहू शकते. त्याहून अधिक झाल्यास उरलेल्या बाष्पाचे पाणी होते. ही मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. तिचे काही आकडे असे आहेत (एक घनमीटरमध्ये जास्तीत जास्त बाष्प, ग्रॅममध्ये):

० अंश सेल्सिअस : ४.८
१० अंश : ९.४
२० अंश : १७.३
३० अंश : ३०.४
४० अंश : ५१.१
५० अंश : ८३
६० अंश : १३०
७० अंश : १९८

हे आकडे फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना आलेख काढायला सांगावा. रेषा सरळ येत नाही, वर वर चढत जाते. दर दहा-अकरा अंशांना मर्यादा जवळजवळ दुप्पट होते, ही गोष्ट त्यांच्या लगेच लक्षात येईल.

आता कोकणातला जुलै महिना घेऊ. तापमान ३० अंश, सापेक्ष आर्द्रता ८० टक्के. म्हणजे एका घनमीटरमध्ये ३०.४ च्या ८० टक्के, अर्थात सुमारे २४.३ ग्रॅम बाष्प आहे. दहा फूट बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीचे घनफळ सुमारे ३४ घनमीटर होते. त्या खोलीच्या हवेत पाऊण लिटरहून अधिक पाणी अदृश्य रूपात तरंगत असते. कॉम्प्रेसरच्या टाकीत कोणी पाणी ओतत नाही. तो हीच हवा ओढून घेतो, आणि तिच्याबरोबर हे पाणीही.

आठ वर्गांची मुले एका खोलीत

कॉम्प्रेसरवरच्या मापकाचा काटा ७ बारवर असतो. पंक्चरवाला याला शंभर पौंड म्हणेल, गॅरेजमध्ये सात किलो म्हणतील. अर्थ जवळपास एकच. पण मापक वातावरणाच्या दाबाहून अधिक असलेला दाब दाखवतो. त्यात वातावरणाचा १ बार मिळवला की खरा दाब ८ बार होतो. म्हणजे बाहेरची ८ घनमीटर हवा दाबून १ घनमीटर जागेत बसवलेली असते.

येथे एक समज दुरुस्त करून घेतला पाहिजे. 'हवा पाणी धरून ठेवते' असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. त्यामुळे दाबलेली, दाट हवा अधिक पाणी धरत असेल असे वाटते. प्रत्यक्षात तसे नाही. बाष्पाची मर्यादा ठरते ती जागेच्या घनफळावरून आणि तापमानावरून. तिथे हवा किती आहे यावरून नव्हे. जॉन डाल्टन यांनी १८०१-०२ च्या सुमारास हे दाखवून दिले. निर्वात जागेत जितके बाष्प मावते तितकेच हवा भरलेल्या जागेतही मावते. ८ बारच्या दाबाला यात किंचित फरक पडतो, पण आपल्या हिशेबात तो सोडून देता येईल.

वर्गात हे असे सांगता येईल. शाळेत आठ वर्ग आहेत. प्रत्येक वर्गात ३० मुलांना बसायची सोय आहे आणि २४ मुले हजर आहेत. कोणालाच अडचण नाही. आता आठही वर्गांतली मुले एकाच खोलीत आणली. मुले झाली १९२, पण बसायच्या जागा ३०च. उरलेल्या १६२ मुलांना बाहेर व्हरांड्यात जावे लागेल. मुले नवीन आली नाहीत, जागा कमी झाल्या.

हवेचेही हेच होते. ८ घनमीटर हवेतले बाष्प सुमारे १९४ ग्रॅम. ती हवा दाबून पुन्हा ३० अंशांवर आणली की त्या एका घनमीटरमध्ये ३०.४ ग्रॅमच मावते. बाकीचे सुमारे १६४ ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडते. दर शंभर ग्रॅमांतले जवळजवळ ८४ ग्रॅम!

दोन हॉर्सपॉवरचा एखादा कॉम्प्रेसर मिनिटाला बाहेरची १५० लिटर हवा ओढतो असे धरू. तासाला ९ घनमीटर हवा झाली आणि तिच्यात सुमारे २१९ ग्रॅम पाणी. त्यातले १८५ ग्रॅम, म्हणजे एक पेला भरेल इतके पाणी, दर तासाला टाकीत किंवा नळीत जमणार. हे टाळता येत नाही. ते कुठे जमावे एवढेच आपण ठरवू शकतो.

हाच कॉम्प्रेसर मे महिन्यात नागपूरला नेला तर? तापमान ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरली, तर एका घनमीटरमध्ये साधारण साडेआठ ग्रॅम बाष्प असेल. दाबून पुन्हा ४२ अंशांवर आणलेल्या हवेतून तासाला जेमतेम १२-१३ ग्रॅम पाणी निघेल. यंत्र तेच, काम तेच; एका ठिकाणी पेलाभर पाणी, दुसऱ्या ठिकाणी एक मोठा चमचा. म्हणून कोरड्या मुलखातल्या कारागिराचा सल्ला कोकणात उपयोगी पडेलच असे नाही.

फिल्टरला पाणी का सापडत नाही?

वरच्या हिशेबात एक वाक्य महत्त्वाचे आहे: 'पुन्हा ३० अंशांवर आणली की'. हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचे टोक बोटाने बंद करून दांडा आठ-दहा वेळा जोरात दाबला की पंपाची खालची बाजू गरम लागते, हे आपण अनुभवलेले असते. त्यात दट्ट्याचे घर्षण थोडे असते, पण मुख्य उष्णता हवा दाबण्याच्या कार्यातून येते. ३० अंशांची हवा १ बारपासून ८ बारपर्यंत, उष्णता अजिबात बाहेर न जाऊ देता दाबली, तर सिद्धांताप्रमाणे तिचे तापमान २७५ अंशांच्या आसपास जाईल. प्रत्यक्षात सिलिंडरवरच्या पंखांवाटे बरीच उष्णता बाहेर जाते, म्हणून इतके होत नाही. तरी पंपापासून टाकीकडे जाणाऱ्या नळीला हात लावण्याचे धाडस करू नये.

ही गरम हवा टाकीत येते तेव्हा टाकीही तापू लागते. काम सलग चालू असेल आणि टाकीतून निघणारी हवा ७० अंशांची असेल, तर तिच्या घनमीटरमध्ये १९८ ग्रॅम बाष्प मावते. आपल्या हवेत त्याहून कमी बाष्प आहे. म्हणजे त्या क्षणी हवेत पाण्याचा एकही थेंब नाही. सगळे पाणी वायुरूपात आहे.

आता टाकीला लागून बसवलेल्या फिल्टरचा विचार करा. त्याच्यात हवा गोल फिरवली जाते. जड थेंब भिंतीवर आपटून खाली वाटीत पडतात. हा फिल्टर थेंब पकडतो. बाष्प हा वायू आहे; हवेतल्या इतर वायूंप्रमाणे तोही त्यातून आरपार निघून जातो. पुढे दहा-पंधरा फूट रबरी नळी लादीवर पडलेली असते. तिथे हवा निवते, मर्यादा ओलांडली जाते आणि पाणी सुटते. पण आता त्याला अडवणारे कोणी नाही. ते नळीच्या खोलगट भागात साठते आणि पुरेसे साठले की एकदम गनमधून बाहेर उडते. फिल्टर चांगलाच असतो, त्याची जागा चुकलेली असते.

यावरून साऱ्या विषयाचा एकच नियम सांगता येतो. ज्या ठिकाणी दाब सर्वांत जास्त आणि तापमान सर्वांत कमी असेल, त्या ठिकाणी पाणी काढा. त्यानंतरच्या मार्गात हवा तिथल्याहून थंड होता कामा नये. म्हणजे कामांचा क्रम असा: आधी थंड करणे, मग थेंब वेगळे करणे, मग दाब कमी करणे, आणि गरज असलीच तर शेवटी कोरडे करणे. हा क्रम पाळला तर साध्या साधनांनी काम होते. तो मोडला तर महाग साधनेही निकामी ठरतात.

थंड करायचे म्हणजे किती उष्णता काढायची?

आपल्या कॉम्प्रेसरमधून सेकंदाला सुमारे २.९ ग्रॅम हवा जाते. ती पंपातून बाहेर पडल्यापासून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत १०० अंशांनी निवते असे धरले, तर सेकंदाला सुमारे २९० ज्यूल, म्हणजे २९० वॉट उष्णता काढावी लागेल. पण एवढ्याने भागत नाही. बाष्पाचे पाणी होताना ते आपली अप्रकट उष्णता सोडते. तासाला १८५ ग्रॅम पाण्याच्या हिशेबाने ती सुमारे १२५ वॉट होते. एकूण चारशे वॉटच्या वर. पावसाळ्यात हवा थंड करणे अवघड का जाते, याचे उत्तर या दुसऱ्या आकड्यात आहे. जवळजवळ एक-तृतीयांश मेहनत नुसत्या बाष्पाचे पाणी करण्यात जाते.

ही उष्णता काढण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे लांब धातूची नळी. टाकीतून निघालेली अर्धा इंची नळी भिंतीवर वर-खाली नागमोडी फिरवावी आणि फिल्टर तिच्या शेवटी बसवावा. एकूण लांबी १० ते १५ मीटर ठेवली, तर वर धरलेल्या कॉम्प्रेसरची हवा खोलीच्या तापमानाजवळ येते.

नळी तांब्याची असावी की जी.आय.ची, यावर कारागिरांत वाद होतात. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक आहे हे खरे. पण उष्णतेच्या वाटेत खरा अडसर धातूचा नसतो, नळीच्या बाहेरच्या स्तब्ध हवेचा असतो. धातूच्या पातळ भिंतीतून उष्णता सहज पार होते आणि बाहेरच्या हवेपाशी येऊन थबकते. म्हणून नळी बदलण्यापेक्षा तिच्यावर एक साधा टेबलफॅन सोडणे कितीतरी परिणामकारक ठरते. तांब्याचा खरा फायदा असा की ते आतून गंजत नाही आणि गंजाचे कण रंगात येत नाहीत.

दुसरा मार्ग पाण्याचा. तांब्याच्या नळीचे पाच-सहा मीटरचे वेटोळे पाण्याच्या बादलीत बुडवावे आणि बादलीतून बाहेर आल्याबरोबर फिल्टर बसवावा. पाणी हवेपेक्षा फार भरभर उष्णता ओढून घेते, त्यामुळे छोटे वेटोळे पुरते. मात्र हिशेब विसरू नये. कॉम्प्रेसर न थांबता चालला तर १५ लिटर पाणी तासाभरात २३-२४ अंशांनी तापेल आणि मग त्याचा उपयोग उरणार नाही. पाणी बदलत राहावे किंवा बर्फ टाकावा. बर्फ टाकून हवा १० अंशांपर्यंत निववली तर पाणी अधिकच निघते. पुढे ती हवा पुन्हा खोलीच्या तापमानाला येते, म्हणजे नियमाप्रमाणे पुढच्या मार्गात ती कधीच तेवढी थंड होत नाही. त्यामुळे नळीत पाणी सुटण्याची भीती राहत नाही.

जुन्या मोटारीचा पाण्याचा रेडिएटर या कामी वापरण्याची कल्पना काहींना सुचते. ती धोक्याची आहे. तो रेडिएटर एक-दीड बार दाबासाठी बनवलेला असतो. सात बारला तो फाटेल.

नळीची मांडणी

थंड झालेले पाणी नळीतच असते, तेव्हा त्याला वाट करून द्यावी लागते. नळीला हवेच्या प्रवाहाच्या दिशेने थोडा उतार द्यावा. मीटरला एक सेंटिमीटर पुरतो. नळी जिथे खाली येऊन पुन्हा वर वळते, त्या प्रत्येक तळाशी एक 'टी' जोडून खाली वीतभर लांबीची आंधळी नळी आणि तिच्या टोकाला कॉक बसवावा. पाणी त्या नळीत उतरते आणि हवा वरून पुढे जाते.

मुख्य नळीतून स्प्रेगनसाठी फाटा काढायचा तर तो वरच्या बाजूने काढावा आणि मग वळवून खाली आणावा. खालच्या बाजूने काढलेला फाटा म्हणजे पाण्याला दिलेले आमंत्रणच. नळीच्या तळाने वाहणारे सारे पाणी थेट त्यात उतरते.

दाब कमी केला की हवा आपोआप कोरडी

थंड करून थेंब काढलेली हवा अजूनही पूर्ण भरलेली असते. तिची सापेक्ष आर्द्रता १०० टक्के असते. मग ती रंगाला कशी चालेल? येथे निसर्ग आपल्या मदतीला येतो.

स्प्रेगनला सात बार लागत नाहीत. रेग्युलेटरने आपण दाब, समजा, २ बारवर आणतो. म्हणजे खरा दाब ८ बारवरून ३ बारवर आला. हवा पसरली, तेच बाष्प आता पावणेतीनपट जागेत विखुरले. सापेक्ष आर्द्रता १०० वरून ३७-३८ टक्क्यांवर आली. रेग्युलेटरमधून जाताना हवा फारशी थंड होत नाही. दर बारला साधारण पाव अंश. त्यामुळे हा फायदा पदरात पडतो. गनमधून बाहेर येईपर्यंत हवा पुन्हा १ बारला आली की तिच्या घनमीटरमध्ये फक्त ३.८ ग्रॅम बाष्प उरते. खोलीतल्या हवेत ते २४.३ ग्रॅम आहे! म्हणजे नुसती थंड करून पाणी काढलेली हवा भोवतालच्या हवेपेक्षा सहापटीने कोरडी असते. घरगुती कार्यशाळेतल्या बहुतेक कामांना एवढे पुरेसे आहे.

म्हणूनच फिल्टर रेग्युलेटरच्या आधी असावा, नंतर नव्हे. आधी दाब कमी केला तर थेंबांचे पुन्हा बाष्प होऊ लागते आणि पकडायला मिळालेली संधी जाते.

हवा पसरताना तिच्याकडून कामही करून घेतले, तर चित्र बदलते. हवेवर चालणाऱ्या ग्राइंडरमधून बाहेर पडणारी हवा गार लागते आणि ओलसर हवा असेल तर आत बर्फही धरतो. ही अडचण जुनी आहे. फ्रान्समधील नांत शहरात १८७९ पासून दाबाच्या हवेवर ट्रामगाड्या धावत होत्या. पसरणारी हवा यंत्राला गोठवू नये म्हणून मेकार्स्की या अभियंत्याने ती इंजिनात जाण्यापूर्वी गरम पाण्यातून नेण्याची योजना केली होती.

कोरडे करणारी साधने कधी लागतात?

मोटारीच्या बाहेरच्या पत्र्याचे बारीक रंगकाम किंवा वाळूच्या माऱ्याने धातू साफ करणे अशा कामांना याहून कोरडी हवा लागते. त्यासाठी दोन साधने प्रचलित आहेत.

एक, फ्रिजसारख्या यंत्रणेचा ड्रायर. यात दाबाची हवा सुमारे ३ अंशांपर्यंत थंड करतात. अशी हवा बाहेर आल्यावर तिच्या घनमीटरमध्ये जेमतेम पाऊण ग्रॅम बाष्प असते. ती शून्याखाली नेत नाहीत, कारण मग नळ्यांत बर्फ धरेल. काम चांगले होते, पण साधन महाग आणि वीज खाणारे आहे.

दोन, सिलिका जेलसारखा शोषक. औषधांच्या बाटल्यांत, कॅमेऱ्याच्या पेटीत त्याच्या पुड्या असतात. नळीच्या वाटेत जेलने भरलेले भांडे बसवले की ते बाष्पसुद्धा पकडते. जुन्या निळ्या जेलचा रंग पाणी शोषल्यावर गुलाबी होतो. त्यातला कोबाल्ट क्लोराइड आरोग्याला घातक असल्याने अलीकडे नारिंगी रंगाचे, ओले झाल्यावर हिरवे होणारे जेल अधिक वापरतात. साधारण १२० अंशांवर तापवून जेल पुन्हा कोरडे करता येते.

पण जेल कुठे बसवायचे, याचा हिशेब पाहा. अर्धा किलो जेल व्यवहारात सुमारे १०० ग्रॅम पाणी घेईल असे धरू. आधी थंड करून पाणी काढलेली हवा तासाला ३४ ग्रॅम बाष्प आणते. जेल जवळजवळ तीन तास टिकेल. तेच जेल टाकीला लागून, गरम हवेच्या वाटेत बसवले, तर तासाला २१९ ग्रॅम बाष्प येईल आणि जेल अर्ध्या तासातच संपेल. शिवाय गरम जेल पाणी कमी घेते आणि थेंब आदळले तर त्याचे दाणे तडकतात. क्रमाचे महत्त्व यातून पुरेसे स्पष्ट व्हावे.

एक अडचण मात्र हवेच्या नळीत काही केले तरी सुटत नाही. लॅकरसारखा थिनरयुक्त रंग पावसाळ्यात मारला की त्यावर पांढुरकी छटा येते. थिनर भराभर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि खोलीतल्याच बाष्पाचे दव त्यावर धरते. हे पाणी नळीतले नाही. त्याला उपाय खोलीची हवा कोरडी करणे किंवा सावकाश उडणारा थिनर वापरणे हाच.

टाकीतला गंज

रंग बिघडणे हे नुकसान डोळ्यांना दिसते. न दिसणारे नुकसान टाकीच्या आत होते. टाकी थंड झाली की तिच्या तळाशी पाणी साठते. पंपातले तेल मिसळल्याने ते ताकासारखे पांढरट दिसते. लोखंड, पाणी आणि दाबाखालचा भरपूर ऑक्सिजन. गंज चढायला आणखी काय हवे? पत्रा आतून झिजत जातो आणि बाहेरचा रंग मात्र नवा राहतो.

१०० लिटरच्या टाकीत ७ बार दाबाची हवा असेल, तर ती फुटताना सुमारे ५५ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होऊ शकते. नऊशे किलोची मोटार ताशी ४० किलोमीटर वेगाने धडकावी, इतकी ही ऊर्जा आहे. म्हणून टाकीच्या तळाचा कॉक रोज काम संपल्यावर उघडून पाणी सोडून देणे हा या लेखातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. एअरब्रेक असलेल्या बसच्या आणि ट्रकच्या हवेच्या टाक्यांनाही असा कॉक असतो, तो याचसाठी. सुरक्षा झडप कधीही बांधून किंवा बंद करून ठेवू नये.

टाकीच्या मजबुतीची चाचणी हवेने न घेता पाण्याने घेतात, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून त्यात फारशी ऊर्जा साठत नाही. टाकी फुटलीच तर पाण्याची धार येते, स्फोट होत नाही.

याच कारणाने घरातल्या पाण्यासाठी मिळणारे पी.व्ही.सी. पाइप दाबाच्या हवेला कधीही वापरू नयेत. ते स्वस्त असतात, जोडायला सोपे असतात आणि त्यांवर लिहिलेला दाबाचा आकडाही पुरेसा वाटतो. पण तो आकडा पाण्यासाठी आणि थंड स्थितीसाठी असतो. गरम हवेने पी.व्ही.सी. मऊ पडते आणि फुटते तेव्हा त्याचे अणकुचीदार तुकडे बंदुकीच्या छऱ्यांसारखे उडतात.

वर्गात करण्याजोगे

कॉम्प्रेसर नसला तरी यातील बरेच काही वर्गात दाखवता येते.

१. स्टीलच्या पेल्यात पाणी घ्या. थोडा थोडा बर्फ टाकून ढवळत राहा. बाहेरून पहिले दव धरेल तेव्हाचे तापमान मोजा. हा दवबिंदू. खोली ३० अंश आणि दवबिंदू २६ अंश आला, तर २६ अंशांची मर्यादा (२४.४ ग्रॅम) भागिले ३० अंशांची मर्यादा (३०.४ ग्रॅम) म्हणजे सुमारे ८० टक्के सापेक्ष आर्द्रता. हा प्रयोग जुलैत, डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये करून आकडे फलकावर लावावेत.

२. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीत चमचाभर कोमट पाणी घ्या. पेटवून विझवलेल्या काडीचा धूर आत जाऊ द्या. घट्ट रबरी बूच लावून त्यातून सायकलच्या पंपाने चार-पाच वेळा हवा भरा आणि बूच सोडा. बाटलीत धुके दिसेल. पसरणारी हवा थंड झाल्याची ही खूण. बूच उडते, म्हणून ते कोणाच्याही तोंडाकडे धरू नये आणि काचेची बाटली घेऊ नये.

३. शेवटी विद्यार्थ्यांना काही प्रश्न द्यावेत. जोडीला बाष्पमर्यादेचा तक्ता असला की पुरे. कॉम्प्रेसर बाहेर उन्हात आणि कार्यशाळा वातानुकूलित असेल तर पाणी कुठे सुटेल? महाबळेश्वरच्या पावसात २० अंश आणि १०० टक्के आर्द्रता असताना तासाला किती पाणी निघेल? ते कोकणातल्या १८५ ग्रॅमपेक्षा जास्त की कमी, आणि का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक मुले आधी चुकीचे देतील. आकडेमोड केल्यावर त्यांची त्यांनाच गंमत कळेल.